पेडणेकर काकूंचा फोन आणि एक नंबरची सीट

माझा धंदा पेडणेकर काकूंच्या फोनवर चालायचा, हे मी आजवर एकाही मुलाखतीत सांगितलेलं नाही. मुलाखत घ्यायला कुणी आलंच नाही, हेही त्याचं एक कारण आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातल्या अडचणींवर लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी अडचणी आठवायला बसले, आणि प्रत्येक अडचणीच्या मागे काकू पदर खोचून उभ्या दिसल्या. निम्म्या अडचणी त्यांनी सोडवल्या होत्या आणि उरलेल्या त्यांनीच आणल्या होत्या.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात मी चांगली नोकरी करत होते. मुलगी झाल्यावर ती सोडली आणि स्वतंत्रपणे प्रोग्रॅम लिहून द्यायला लागले. आज याला फ्रीलान्स म्हणतात आणि ऐकणारा मान डोलावतो. तेव्हा जोगेश्वरीत आमच्या बिल्डिंगमध्ये याला ‘सुनंदा घरीच असते’ असं म्हणायचे.

कॉम्प्युटर माझा नव्हता. तो अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तासाच्या भाड्याने मिळायचा. बाहेर चपला काढायच्या, पाय पुसायचे, मग त्या थंडगार खोलीत हळू आवाजात बोलत काम करायचं. माझं सगळं लिखाण फ्लॉप्यांवर असे. या फ्लॉप्या तेव्हा तळहाताहून मोठ्या असायच्या आणि वाकल्या की संपल्या, म्हणून मी त्या पोळ्यांच्या चपट्या डब्यात ठेवायची. एकदा सकाळच्या घाईत डबे बदलले. मी थंडगार खोलीत घडीच्या पोळ्या घेऊन पोचले आणि माझ्या नवऱ्याने ऑफिसात चार जणांसमोर भेंडीच्या भाजीशेजारी एक पूर्ण पगारपत्रक उघडलं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. तो ऐकतो सगळं, समजत त्याला काही नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला ‘सगळ्यांना जिलबी वाढ’ म्हटलं तर तो माणसांना वाढतो. कॉम्प्युटर मांडवाच्या खांबांनाही वाढील. तेव्हा ‘खांबांना नको’ हे आधी सांगायचं असतं, आणि खांब कुठे कुठे आहेत हे गिऱ्हाइकाकडून काढून घ्यायचं असतं. प्रोग्रॅम लिहिणं त्यामानाने सोपं.

गिऱ्हाइकांचा तऱ्हेवाईकपणा सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. बोरिवलीला क्लास चालवणारे एक धुरंधर सर होते. त्यांना मुलांच्या गुणांची छापील पत्रकं हवी होती. काम साधं होतं, पण प्रत्येक मूल पहिल्या दहात आलं पाहिजे, अशी त्यांची अट होती. वर्गात साठ मुलं. मी म्हटलं, सर, हे गणितात बसत नाही. ते म्हणाले, “म्हणून तर कॉम्प्युटर आणलाय ना. हाताने करायचं असतं तर मीच केलं असतं.” शेवटी आम्ही उंची, हजेरी, हस्ताक्षर, वक्तशीरपणा असे इतके विषय वाढवले की प्रत्येक मूल कशात ना कशात वर आलं. एक मुलगा ‘डबा संपवणे’ या विषयात पहिला आला. त्याच्या आईने पत्रक फ्रेम करून लावलं.

आता काकूंकडे येते. आमच्या घरी फोन नव्हता. त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. समोरच्या दारात पेडणेकर काकू एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते, ते गेले आणि फोन राहिला. माझ्या कार्डावर तोच नंबर होता. फोन आला की काकूंनी हाक मारायची आणि मी जायचं, असं ठरलं होतं. महिन्याभरात काकूंनी हाक मारणं बंद केलं आणि परस्पर बोलायला सुरुवात केली.

प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलं काम अर्जंट वाटतं. ते त्याच्या जागी बरोबरच असतं. अर्जंटांमधलं जास्त अर्जंट कुठलं, हे ठरवण्यात माझी वाट लागायची. काकूंना हा प्रश्न पडत नसे.

“घाटकोपरवाला थांबेल,” त्या म्हणायच्या.

“अहो काकू, त्यांची दिवाळी जवळ आलीय.”

“दिवाळी सगळ्यांचीच जवळ आलीय. फोन उचलला की ‘हां बोला’ म्हणतो तो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मुलुंडच्या अण्णांचं आधी घे.”

घाटकोपरवाला म्हणजे शांतिभाई, स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी. त्यांना दुकानातल्या मालाचा हिशेब कॉम्प्युटरवर हवा होता. आणि मुलुंडचे अण्णा सावंत यात्रा कंपनी चालवायचे. अण्णा मूळचे कुडाळकडचे, काकूंचं माहेरही तिथलंच. अण्णांनी फोन केला की पहिलं वाक्य कामाचं नसे.

“वैनी, गुडघो कसो आसा?”

एवढ्या एका वाक्यावर त्यांनी माझ्या कामांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. शांतिभाईंनी काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली असती तर त्यांची दिवाळी सुखात गेली असती. पण भांडी विकणाऱ्या माणसाला हे सांगणार कोण?

अण्णांची अडचण खरोखर मोठी होती. त्यांच्या यात्रेत जेवण उत्तम असे, लॉज स्वच्छ असत, तरी परत आलेली माणसं एकमेकांशी बोलत नसत. कारण सीट. मी पहिल्यांदा त्यांच्या ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी पाणी विचारायच्या आधी मला विचारलं, “गो चेडवा, माका एक सांग. तुझो कॉम्प्युटर कोणाक घाबरता?”

“कोणालाच नाही, अण्णा.”

“मगे माका तोच होयो.”

त्यांना बसमधल्या सीटा रोज बदलून हव्या होत्या. आज जो जिथे बसला, त्याने उद्या एक जागा पुढे सरकायचं, आणि अगदी पुढे पोचला की परत शेवटी जायचं. म्हणजे खिडकी सगळ्यांना मिळणार आणि मागचे धक्केही सगळ्यांना. हे कागदावरही जमलं असतं, पण कागद अण्णांच्या हातचा असला की लोक अण्णांशी भांडत. कॉम्प्युटरशी कोण भांडणार?

मग एकेक खांब बाहेर यायला लागले. ज्यांना बस लागते त्यांना मागे नको. ज्यांना बस लागत नाही, पण दुसऱ्याला लागलेली बघून लागते, त्यांना पहिल्यांपासून लांब ठेवायचं. सासू आणि सून एका रांगेत नकोत, पण एकमेकींना दिसल्या पाहिजेत, नाहीतर दोघींना संशय येतो. घोरणाऱ्यांच्या शेजारी घोरणारेच हवेत. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना कुठेही बसवलं तरी चालेल, फक्त त्यांना आपण निवड केली असं वाटलं पाहिजे. यातला प्रत्येक नियम स्वतंत्र फोनवर आला, काकूंनी तो घेतला, आणि मला सांगताना त्यात स्वतःचा एकेक घालून दिला.

बस बघायला मी मुलुंडला गेले तर ती शिर्डीला गेली होती. अण्णांनी कागदावर बस काढून दाखवली. चौकोन आखले, पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून नंबर घातले, एक ते छत्तीस.

“प्रत्येक चौकोन म्हणजे एक सीट ना?” मी विचारलं.

“होय तर. सीटच ती.”

यात्रेकरूंची नावं पस्तीस होती. मला वाटलं, एक जागा भरली नसेल. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गाडी आपोआप चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं, पण त्या वेळी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

यात्रा निघायच्या आधी अण्णांनी मुलुंडच्या ऑफिसात सगळ्यांना जमवलं आणि रोजच्या सीटांचे तक्ते दाखवले. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद बघूनच माणसं गप्प झाली. अण्णा म्हणाले, “भांडाचा नाय. कॉम्प्युटरचो शब्द शेवटचो.” मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “ह्यावेळी जमला तर दर यात्रेक तूच. नाय जमला तर माझो धंदो काय खरो नाय, चेडवा. गेल्या खेपेक अर्धी माणसा वाटेतच उतारली.”

आणि या यात्रेला निघाल्या कोण? तर काकू. अण्णांनी गुडघ्यांची चौकशी करता करता त्यांना तयार केलं होतं. कित्येक वर्षांत त्या जोगेश्वरीबाहेर पडल्या नव्हत्या. मी म्हटलं, काकू, तुमच्या गुडघ्यांसाठी पुढची सीट कायमची ठेवते, प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालायची आहे फक्त. त्यांनी मला झापलं. “मला सवलत नको. सगळी सरकतील तशी मीही सरकेन. नाहीतर म्हणतील, हिची ओळख आहे.”

जाताना घराची किल्ली मला दिली. “फोन लगेच उचलायचा नाही. चार-पाच वेळा वाजू दे. आणि विचारतील तेवढंच सांग.”

पहिला फोन मी पहिल्याच घंटीला उचलला. शांतिभाई होते.

“पेडणेकर मॅडम?”

“त्या बाहेरगावी गेल्यात.”

“अच्छा. तुमचा तो हैदराबादवाला इंजिनियर आला का परत?”

“कोण इंजिनियर?”

“अरे, माझा काम करते तो. मॅडम बोलली, तो स्पेशल माणूस आहे, हैदराबादला गेला आहे, म्हणून उशीर झाला.”

मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, असा कुणी इंजिनियर नाही, मी एकटीच आहे. मग त्यांनी विचारलं, काम कुठपर्यंत आलं. मी म्हटलं, सुरू व्हायचंय.

“बेन,” शांतिभाई दुखावल्या आवाजात म्हणाले, “निदान खोटा तरी बोलायचा ना. आता मला दुसरीकडे जावा लागेल.” आणि फोन ठेवला.

पाठोपाठ धुरंधर सरांचा आला. त्यांनी काळजीने विचारलं, “कॉम्प्युटरचा ताप उतरला का हो? घाई नाही, आधी त्याला बरं वाटू दे.” मी यावेळी शहाणी झाले होते. अजून थोडी कणकण आहे, म्हटलं.

त्या दिवशी मला कळलं की माझा धंदा मी चालवत नव्हते. मी फक्त प्रोग्रॅम लिहीत होते. हैदराबादचा इंजिनियर, कॉम्प्युटरचा ताप आणि आणखी काय काय उभारून काकूंनी माझ्यासाठी वेळ मिळवला होता, आणि मी अर्ध्या तासात त्यातला एक मजला पाडून टाकला होता. शांतिभाई गेले, सरांचं काम म्हणजे हौस. उरले होते फक्त अण्णा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक कॉल आला. ऑपरेटर म्हणाली, चिपळूणहून आहे, बोला.

“गो चेडवा,” अण्णा म्हणाले, “तुझ्या कॉम्प्युटरान वैनीक ड्रायव्हराच्या सीटीर बसवल्यान.”

मला क्षणात सगळं दिसलं. तो कागद, तो उजवा कोपरा, तो पहिला चौकोन. पहिल्या दिवशी रिकामी जागा नेमकी एक नंबरची आली होती आणि माणसं दोन ते छत्तीसवर होती, म्हणून कुणाला काही कळलं नाही. काकू दोन नंबरवर होत्या. आज सगळे एकेक पुढे सरकले होते.

“काकू कुठे आहेत आता?”

“खय म्हणजे? ड्रायव्हराच्या सीटीर. बाहेरसून दार उघडून चढली. उतराक तयार नाय. म्हणता, तक्त्यात नाव आसा.”

“आणि ड्रायव्हर?”

“तो खाली उभो ऱ्हवान विडी ओढता. म्हणता, माझो नंबर खयचो ता सांगा, मी थय जावन बसतंय.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे म्हणतत, एक चूक तर सगळोच तक्तो चुकीचो. मागचे पुढे इले. हेडमास्तरानी खिडकी धरून ठेवल्यानी. दोघांनी पिशयो काढल्यानी, मुंबैक परत जातो म्हणतत. माजी वाट लागली गो. सांग, चूक झाली की काय?”

झाली होती. तोंड उघडून मी ‘हो अण्णा’ म्हणणारच होते, एवढ्यात ते म्हणाले, “थांब, लॉजवालो वैनीचो निरोप घेवन इलो.” पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग अण्णा परत आले.

“वैनी म्हणता, सुनंदान मुद्दामच दिली असतली. तिका कारण इचारा, म्हणता. काय कारण?”

ज्या बाईला मी चुकून स्टिअरिंगमागे बसवलं होतं, ती तिथून मला वाट दाखवत होती आणि तीही ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच तोंडून. मध्येच ऑपरेटर म्हणाली, तीन मिनिटं झाली, वाढवू का? अण्णा ओरडले, वाढव वाढव.

“मान,” मी म्हटलं.

“काय?”

“अण्णा, एक नंबर म्हणजे मान आहे. रोज सकाळी ज्याची पाळी येईल त्याने ड्रायव्हरच्या जागी बसून हॉर्न वाजवायचा. मग गाडी सुटायची. हॉर्न झाला की मानकऱ्याने मागे जाऊन छत्तीस नंबरवर बसायचं. ती सीट त्याच्यासाठीच रिकामी ठेवलीय.”

हे शब्द माझ्या तोंडून कसे बाहेर पडले मला माहीत नाही. पलीकडे अण्णा विचार करत होते, तो ट्रंक कॉलच्या भावाने.

“ह्या माका आदी कित्याक सांगूक नाय?”

“आधी सांगितलं असतं तर पहिला मान कुणाचा यावर भांडणं झाली असती.”

“हां,” अण्णा म्हणाले. “ता बाकी खरा.”

पुढचं मला नंतर कळलं. काकूंनी असा हॉर्न वाजवला की लॉजमधली न्हाणारी माणसं बाहेर आली. कुणीतरी चाकाखाली नारळ फोडला. परत जायला निघालेल्या दोघांनी पिशव्या वर ठेवल्या आणि आपली पाळी कधी येते ते बघायला तक्ता मागून घेतला. हेडमास्तरांनी हिशेब करून सांगितलं की त्यांचा मान यायच्या आधीच यात्रा संपते, तरी दोन मुक्काम वाढवावेत. आणि ज्या शेवटच्या सीटवरून अण्णांच्या दर यात्रेत महाभारत होत असे, तिथे आता माणूस ऐटीत जाऊन बसू लागला, कारण सकाळी त्यानेच गाडी सोडलेली असे.

अण्णांची कामं मी पुढे कितीतरी वर्षं केली. दर यात्रेला मानाचे नवे नियम आले. वाढदिवस असेल त्याला मान, लग्नाचा वाढदिवस असेल तर जोडीने मान, व्याही बरोबर असतील तर त्यांना आधी. माझ्या सगळ्या धंद्यात लोकांना सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे ही एक चूक, आणि ती कुठल्याही कार्डावर छापता येत नव्हती. आता माझ्यानंतरची पिढी याच कामात आहे. त्यांना गिऱ्हाईक थेट निरोप पाठवतं, वर ‘अर्जंट’ची लाल खूण करून. मध्ये कुणी नसतं. मला त्यांची फार काळजी वाटते.

काकू परत आल्या त्या लंगडतच. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, फोन कुणाकुणाचे आले. मी शांतिभाईंचं सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, चहाही न घेता घाटकोपरला फोन लावला आणि म्हणाल्या, “नमस्कार शेठ, पेडणेकर बोलतेय. आमचा इंजिनियर कालच आला परत. त्या दिवशी फोनवर होती ना, ती मुलगी नवीन आहे हो. तिला काही माहीत नसतं.”

शांतिभाई परत आले. पुढे मी हिशेब दाखवायला गेले तेव्हा ते मला खासगीत म्हणाले, “बेन, ती फोनवाली पोरगी काढून टाका. तुमचा धंदा बुडवेल.” मी म्हटलं, काढली.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर काकू पलंगावर बसल्या तेव्हा त्यांना पाय खाली सोडवत नव्हते. दोन्ही गुडघे सुजले होते. त्या उंच सीटवर चढणं, मग उतरून पुन्हा मागे जाणं, आणि मग दिवसभर शेवटच्या सीटवर घाटाचे धक्के. मी तेल कोमट करून आणलं आणि चोळायला बसले. मला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडते.

“चढलात कशाला पण?” मी म्हटलं. “खाली उभ्या राहूनच निरोप पाठवायचा. मी काहीतरी सांगितलंच असतं.”

“सगळी माझ्याकडे बघत होती गं,” काकू डोळे मिटून म्हणाल्या. “मी चढले, म्हणून तो मान झाला. खाली थांबले असते तर ती तुझी चूक होती.”

मी पुन्हा हातावर तेल घेतलं.

“दुसरा पाय द्या,” मी म्हटलं.